दुसरी गाठ

भूकंप झाला आणि आम्ही बसमध्ये राहायला गेलो. माझ्या मुलीला ही गोष्ट लहानपणी सहलीसारखी वाटायची. "बसमध्येच जेवायचात? बसमध्येच झोपायचात? अजून सांग ना," म्हणून मागं लागायची. तिला काय सांगणार, की त्या बसमध्ये आम्ही पाच माणसं जीव मुठीत धरून बसलेलो असायचो आणि बाहेर कुत्रं भुंकलं तरी मी दाराकडं धावायची. मी जन्माची भित्री. पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, आरा मशीनच्या आवाजालासुद्धा भ्यायची, आणि आमचं घर नेमकं नांदेडच्या बाहेर, लाकडं कापायच्या त्या आरा मशीनच्या पाठीमागंच होतं. पन्नाशी आली तरी अजून लिफ्टमध्ये चढताना मी आधी भिंतीला हात लावून बघते. हसायचं तर हसा.

आमच्या अंगणात दोन गाड्या उभ्या असायच्या. एक चाचा चालवायचे, ती भोकरवरून इस्लापूरपर्यंत जायची. दुसरी अब्बांची, ती लातूरला. दोन्हींच्या कपाळावर लाल अक्षरांत 'शमीम मोटर सर्व्हिस' असं लिहिलेलं. शमीम म्हणजे मी. पहिली गाडी दारात आली त्याच आठवड्यात माझा जन्म, म्हणून अब्बांनी गाडीला माझं नाव दिलं. अम्मी मात्र म्हणायची, गाडीचं नाव आधी ठरलं होतं, पोरीला ते उरलंसुरलं मिळालं. घरात आम्ही दखनी बोलायचो, ती इथं मी मराठीतच लिहिते आहे. अब्बांची मराठी रस्त्याची मराठी, फाट्या-फाट्यावर गोळा केलेली. पहाटे ते इंजिन सुरू करायचे तेव्हा आमच्या पत्र्याच्या भिंती थरथरायच्या, कपाटातल्या बशा किणकिणायच्या, आणि त्या आवाजात मी लहानपणापासून गाढ झोपलेली. भूकंपानं माझी ती झोप नासवली. पत्रा वाजला की मी पांघरुणासकट अंगणात.

किल्लारीकडं गावंच्या गावं मातीखाली गेली होती. नांदेडला आमचं काहीच पडलं नाही, दोन बशा फुटल्या तेवढ्या. पण तिकडून आलेल्या माणसांनी जे सांगितलं ते ऐकून अब्बा म्हणाले, "चला, गाडीत चला. गाडीला चाकं हायेत." चाकांचा आणि भूकंपाचा काय संबंध, ते कुणी विचारलं नाही. अम्मी आणि चाची गाडीच्या दाराशी स्टोव्ह मांडून अंबाडीची भाजी नि ज्वारीच्या भाकरी करायच्या, आणि आम्ही सीटवर बसून जेवायचो, प्रवाशासारखे, तोंडं पुढं करून. चाचा खिडकीतून हात बाहेर काढून "एक भाकरी नांदेड, एक भाकरी नांदेड" ओरडायचे. सगळे हसायचे. मीही हसायची, पण एक पाय दाराच्या पायरीवर ठेवून.

मला बारावीला लातूरला ठेवलं होतं, भूकंपाच्या रात्री गणपतीच्या सुटीला घरी आले होते इतकंच. त्या वर्षांत लातूरला शिकवण्यांचं पीक आलेलं. गोदामं रिकामी करून तिथं बाकं टाकलेली, गल्लीगल्लीत डॉक्टर-इंजिनीअर करून देण्याच्या पाट्या, आणि आसपासच्या जिल्ह्यांतली पोरं हातात वह्या घेऊन एका क्लासमधून दुसऱ्या क्लासकडं पळत असायची. मुलीला एकटीला परगावी ठेवायला चाचांचा साफ विरोध होता. भूकंपानंतर क्लास पुन्हा सुरू झाले आणि मी पेटी भरायला घेतली तेव्हा ते अब्बांना सगळ्यांसमोर म्हणाले, "एक झटका बसू द्या. रडत येती का न्हाई बघा. आली की मग माझं ऐकायचं, शादी करून टाकायची." अब्बा म्हणाले, "न्हाई येणार." एवढंच. ते दोन शब्द मी पेटीत घालून नेले, आणि पेटीतलं सगळ्यात जड सामान तेच होतं.

आता डब्यांचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लातूरच्या खानावळी कुणाला परवडायच्या? म्हणून रस्त्यावरच्या गावांतल्या आया सकाळी डबे घेऊन फाट्यावर उभ्या राहायच्या आणि आमची गाडी ते डबे अकरापर्यंत लातूरला पोचवायची. पोरांनी जेवून रिकामे डबे दोनच्या परतीच्या गाडीत ठेवायचे. अब्बा त्याचे पैसे घेत नसत. "बहिणीच्या घरच्या भाकरीला कसलं तिकीट," म्हणायचे. म्हणूनच रस्त्यावरच्या सगळ्या बायका त्यांना भाऊ म्हणायच्या आणि लातूरची सगळी पोरं मामू. डबे दिसायला सारखेच, तेव्हा प्रत्येकीनं आपल्या डब्याच्या कडीला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी एका गाठीनं बांधायची, अशी रीत अब्बांनी घालून दिली होती. माझी खोलीतली मैत्रीण सुनंदा लोह्याजवळच्या एका वाडीची; तिच्या आईची, तान्हाबाईंची, चिंधी हिरव्या काठाची. डबा परत जाताना गाठ तशीच एक असली तर लेकरू बरं आहे. आजारी असलं, काही झालं, तर चिंधीला दुसरी गाठ मारायची. दोन गाठी म्हणजे, या आणि मला घेऊन जा. फोन नाही, चिठ्ठी नाही. कितीतरी आयांना वाचता यायचं नाही, पण गाठ बोटांना कळते. वर्षातून एखाद्या डब्याला दुसरी गाठ पडायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीला ती माउली डोक्यावर पदर घेऊन हजर. खोटी गाठ कधी कुणी मारली नव्हती. मारावी असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आज माझी मुलगी पुण्यात कुठल्या रस्त्यावर आहे ते मला मोबाइलवर निळ्या ठिपक्यात दिसतं. तरी मी फोन करतेच. ठिपका हलतो, पण तो घाबरलाय का ते सांगत नाही.

आमची खोली गंगाकाकूंच्या घरात, दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडांवर हातभर मातीचा थर. किल्लारीकडं माणसं मेली ती असल्याच माळवदाखाली, हे मला लातुरातल्या प्रत्येकानं प्रेमानं सांगून ठेवलं होतं. लहान लहान धक्के अजून बसतच होते. धक्का बसला की वरून बारीक माती वहीवर पडायची, पावडरीसारखी. मी फुंकर मारायची, पुन्हा पडायची. सुनंदा शांतपणे पालथी पडून गणितं करायची. "शम्मे, तू भूकंपाच्या आधीच पळतीस बघ. तुला बघून भूकंप ठरवत असंल," म्हणायची. ती खेड्यातली, मी शहरातली, आणि धीट ती.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास क्लासमध्ये पंखा आपोआप हलला. बाक सरकलं. पत्र्यावरून मोठी खडी ओतल्यासारखा आवाज झाला. मी किती बाकांवरून उड्या मारल्या मला आठवत नाही, शुद्धीवर आले तेव्हा रस्त्यावर होते, पायात एकच चप्पल. मागून अख्ख्या क्लासचा हशा ऐकू आला. धक्का केव्हाच थांबला होता आणि सर ओरडत होते, "बसा, बसा, काही न्हाई झालं." मी क्लासमध्ये परत गेले नाही. एका चपलेवर खोलीवर आले, तर माझ्या उशीवर नारळाएवढं ढेकूळ पडलेलं. काल याच वेळी मी त्या उशीवर डोकं ठेवून पाठांतर करत होते. मी दारातूनच मागं सरले. गंगाकाकू झाडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जुनं घर हाय माय, सांडायचंच थोडं." मी दप्तर उचललं आणि सरळ स्टँडवर आले.

स्टँडजवळ चहाच्या हॉटेलाला लागून आमची पत्र्याची टपरी होती, तिलाच आम्ही ऑफिस म्हणायचो. मालकाची मुलगी म्हणून डबे वाटायचं आणि गोळा करायचं काम माझं. जेवून झालेली पोरं डबे ठेवून गेली होती. अब्बा नि कंडक्टर खुशालकाका पलीकडं चहा पीत बसले होते. मी माझा डबा हातात घेतला. चिंधीला दुसरी गाठ मारायची नि घरी जायचं, बस्स. गाठ मारली. आणि मग चाचांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. एकटी शमीमच रडत आली, हे सगळ्या रस्त्याला कळणार. पोरं खिदळणार. अब्बांचे ते दोन शब्द मातीत जाणार, आणि माझं शिकणं तिथंच संपणार. मी गाठ सोडायला गेले. ती सुटेना. तेव्हा मी जे केलं ते तीस वर्षांत एका माणसाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. मी सुनंदाचा डबा ओढला नि त्याच्या हिरव्या चिंधीला दुसरी गाठ मारली. मग तिसऱ्या डब्याला. मग चौथ्या. सगळ्यांच्याच घरचे आले, सगळीच पोरं घरी गेली, तर त्यात मी एक. कुणाला कळणार कोण भ्यालं ते? शेवटच्या डब्यापर्यंत एकही सोडला नाही. लाज वाटत होती का? खरं सांगते, त्या क्षणी फक्त सुटल्यासारखं वाटत होतं.

अब्बा आले, डबे खोक्यात रचताना माझ्याकडं बघून म्हणाले, "काय गं, तोंड का उतरलं?" मी म्हटलं, "काही न्हाई." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला नेहमीसारखा ग्रीसचा वास, हात जड नि कोमट. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण खुशालकाकांनी दाराला थाप मारली, अब्बांनी आपला नेहमीचा हॉर्न दिला, एक लांब नि दोन आखूड, आणि गाडी वळणाआड गेली.

दुसऱ्या दिवशी अकराला गाडी आली नाही. साडेअकरा झाले, बारा झाले. पोरं टपरीभोवती गोळा झाली. "भूक लागली गं," सुनंदा म्हणाली, "मामू कुठं अडकले?" मी म्हटलं, टायर बसला असेल. एक वाजला. तहान लागली होती, पण पाणी प्यायला जाववेना, तेवढ्यात गाडी आली तर? मला कालपासूनच कळून चुकलं होतं की मी काय करून ठेवलंय. जमीन हलत असताना प्रत्येक गावात एकेका आईच्या हातात दोन गाठींचा डबा गेला होता. त्या बायकांनी रात्र कशी काढली असेल? मला माझ्या उशीवरच्या ढेकळाची भीती वाटली होती. त्यांना मी आख्खं माळवद लेकरावर पाडून दाखवलं होतं. दोनच्या सुमारास अहमदपूरकडून आलेला एक ट्रकवाला चहाला उतरला नि हॉटेलवाल्याला म्हणाला, "एक खाजगी गाडी रानात घुसलीय तिकडं. टपावर बी माणसं होती म्हणं. लई गर्दी." मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. "कोणती गाडी?" मी विचारलं. "नाव न्हाई बघितलं. लाल अक्षरं होती," तो म्हणाला आणि बशीत चहा ओतून घेतला.

मी टपरीच्या पत्र्याला पाठ लावून बसले. अल्लाला काय काय कबूल केलं त्याची यादी देत नाही, त्यातलं निम्मंही मी पुढं पाळलं नाही. अब्बा मेले असतील, मीच मारले, एवढंच डोक्यात घण घातल्यासारखं चाललं होतं. सुनंदानं माझा हात धरला आणि म्हणाली, "काही न्हाई होत गं, मामू हायेत." तिचा तो हात मला चटक्यासारखा लागला. तिची आई त्या गाडीत असणार हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं.

चार वाजून गेल्यावर एक बस आली. हॉर्न वाजला नाही, म्हणून मी मान वर केली नाही. पोरंच ओरडली, "मामू! मामू!" समोरची काच नव्हती. हॉर्न तुटला होता. 'शमीम'मधला 'श' चिखलानं बुजला होता. दारातून, शिडीवरून, माणसं भराभर उतरली, आया, बाप, म्हातारे, नि जो तो आपल्या लेकराला शोधत पळायला लागला. तान्हाबाईंचा एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातानं त्या सुनंदाचं तोंड चाचपत होत्या, डोकं, कान, खांदे, परत तोंड. "कुठं लागलं माय? काय झालं तुला?" सुनंदा म्हणत होती, "आई, मला कुठं काय झालंय? तुझ्या हाताला काय झालं?" खुशालकाकांनी सांगितलं, उतारावर एवढ्या वजनानं ब्रेक तापले, गाडी आवरेना. समोर शाळेला निघालेली पोरं रस्त्यावर. मामूंनी गाडी रानात घातली, काळ्या मातीत चाकं रुतली म्हणून थांबली. बैलं जोडून काढली. तान्हाबाईंच्या हाताला लागलं, बाकी सगळे खरचटण्यावर बचावले.

मग सगळ्यांची लेकरं धडधाकट आहेत असं कळलं, आणि रडणं थांबून राग सुरू झाला. "गाठ कोणी मारली?" पोरं म्हणाली, आम्ही नाही. आम्हीपण नाही. आणि हळूहळू सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण डबे गोळा करायची मी. मी डब्यांच्या खोक्याकडं बघायला लागले. अब्बा सगळ्यांत शेवटी उतरले. हातात माझा डबा. त्यांचे हात थरथरत होते. माझ्या अब्बांचे हात मी त्याआधी कधी थरथरताना पाहिले नव्हते. त्यांनी अंगठ्यानं गाठ चाचपली आणि माझ्या डाव्या हाताकडं बघितलं. मी डावखुरी. माझ्या गाठीचं टोक उलट्या बाजूला येतं, त्यावरून ते मला लहानपणी चिडवायचे. सगळ्या डब्यांवरच्या गाठी उलट्या होत्या, ते त्यांना आदल्या संध्याकाळीच, तिसऱ्या-चौथ्या फाट्यावर कळलं असणार; पण गाठी खोट्या म्हणायचं तर मारणारीचं नाव घ्यावं लागलं असतं. "पोरीला बोलू नका," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं. जमीन हलून राहिली, लेकरं चार दिवस घरी न्यावी, म्हणून मीच मारायला लावल्या गाठी."

एका बापानं त्यांची कॉलर धरली. "मामू, लेकराच्या जिवावर असली मजाक करता व्हय? आम्ही तुमच्या गाठीवर लेकरं ठेवलीत इथं!" अब्बांनी कॉलर सोडवून घेतली नाही. "चुकलं माझं," म्हणाले. तान्हाबाई मधे पडल्या नसत्या तर त्या माणसानं हात उगारला असता. मी तिथंच उभी होते, चार पावलांवर. तोंड उघडलं नाही. बाईमाणसं, म्हातारी माणसं, सगळी माझ्या बापाला बोलत होती, आणि मला काय वाटत होतं सांगू? चाचांना कळेल का, ही भीती. एवढी मी भित्री.

सगळी पोरं त्याच गाडीनं घरी गेली. मीही पेटी घेऊन आले. अब्बांनी पेटी बघितली, माझ्याकडं बघितलं. "तू थांब," म्हणाले. "चार दिवसांनी पोरं परत येतील. डबे कोण वाटंल?" रागावले नाहीत, की जवळही घेतलं नाही. गाडी खुशालकाकांनी चालवत नेली, त्यांच्याकडं जुनं लायसन होतं. अब्बा मागच्या सीटवर बसले. त्यांना प्रवाशाच्या सीटवर बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

चार-पाच दिवसांनी पोरं आली, डबेही यायला लागले, पण दहा आयांपैकी तिघी-चौघी आता स्वतःच गाडीत बसून यायच्या, डबा मांडीवर घेऊन. गाठीवरचा विश्वास उडाला होता. लातूरची गाडी चाचा चालवायला लागले. "अब्बा कुठंयत?" विचारलं की म्हणायचे, "हात दुखतो त्यांचा." मी त्याच माळवदाखाली राहिले. माती सांडायची, मी झाडायची. भीती काही गेली नव्हती, पण आता ती कुणाला सांगायचं तोंड मला उरलं नव्हतं.

आणि मग एका दुपारी खोक्यातून माझा डबा काढला, तर अम्मीच्या निळ्या चिंधीला दोन गाठी. परतीच्या नव्हे, घरून आलेल्या डब्याला. अशी गाठ कधीच नसायची. गाठ लेकरानं घरी पाठवायची असते, घरानं लेकराला नाही. मी डबा घेऊन पळत गाडीकडं गेले. चाचांना विचारलं, त्यांना काहीच माहीत नव्हतं. "डबा तर आज भाईजाननीच आणून दिला," म्हणाले, म्हणजे अब्बांनी. मी डबा न उघडताच दोनच्या गाडीत बसले. चार तास वाटेत मी घरातल्या एकेकाला मनातल्या मनात मारून पाहिलं, आधी अम्मीला, मग अब्बांना.

दिवेलागणीला पोचले. अम्मी स्टोव्हपाशी भाकरी थापत होती, मला बघून म्हणाली, "अगं, तू कशी काय?" अब्बा अंगणात उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत होते, ड्रायव्हरच्या सीटवर. हात स्टिअरिंगवर ठेवलेले, इंजिन बंद. मी धापा टाकत पायरीवर चढले. "काय झालं अब्बा?"

"काही न्हाई झालं," ते म्हणाले. "सकाळी गाडी सुरू करायला बसलो. चावी फिरवता येईना. लई भ्या वाटलं. म्हणून तुला बोलावलं."

मी त्यांच्या बाजूला इंजिनच्या झाकणावर बसले आणि ढसाढसा रडले. उशीवरचं ढेकूळ, चप्पल, चाचा, सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मधेच एकदा 'हाव', म्हणजे हो, म्हणाले. माझं संपल्यावर त्यांनी माझा डबा घेतला आणि चिंधीची दुसरी गाठ नखानं सोडवायला लागले. हात थरथरत होता म्हणून वेळ लागला.

"भ्या वाटलं तर आपल्याच डब्याला मारायची असती गाठ, शम्मो," ते म्हणाले. "बघ. तू आलीस का न्हाई?"

मग आम्ही दोघांनी त्याच डब्यातली सकाळची गार भाकरी खाल्ली. अब्बांनी त्यानंतर गाडी चालवली नाही. मी डॉक्टर झाले नाही, विष्णुपुरीच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवलं. पण त्या वर्षी मी परीक्षेपर्यंत लातूरला राहिले. तीनदा माझ्या डब्याला दुसरी गाठ पडली, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी अकराच्या गाडीतून, प्रवाशाच्या सीटवरून, अब्बा उतरले.